वरच्या फळीवरचा स्टोव्ह

"...ह्यातला कुठला माणूस मारणार नाही, तेवढं सांग आक्का."

रणधीरने तीन स्टोव्ह बाकड्यावर ओळीने मांडले आणि समोरच्या पत्र्याच्या डब्यावर बसला. बसला कसला, अंग टाकलं.

मालनआक्का तांबटने मान वर केली नाही. मांडीवर एक पितळी स्टोव्ह उलटा घेऊन ती पंपाचं चामडी वायसर तेलात भिजवत होती. तासगावच्या धान्यबाजारामागच्या बोळात चाळीस वर्षं तिचं हेच चाललं होतं. आता महिन्याला चार स्टोव्ह आले तर आले. दुकान मात्र रोज उघडायचं.

"न मारनारा पायजे?" ती म्हणाली. "मंग दगड घिऊन जा."

पूर्वी रणधीर हसला असता.

शाळेच्या सुट्ट्यांत चार वर्षं तो हिच्याच हाताखाली होता. बर्नर तापवायला काकडा लावणं, भोकात पिन मारणं, ज्योत कानाने ओळखणं, सगळं हिने शिकवलेलं. मग तो मोठा झाला. मोटारसायकलींवरून लोकांना हिमालयात नेऊ लागला. बसस्टँडसमोर त्याचा गॉगल लावलेला फोटो लागला. बारा वर्षांत या दुकानाची पायरी चढला नव्हता. बोळाच्या तोंडाशी हॉर्न वाजवून जायचा, तेवढीच गुरुदक्षिणा.

"आठ दिवसांनी निघायचंय," तो म्हणाला. "नऊ गाड्या. लाहौल, स्पीती. स्वयंपाकाचं सगळं माझ्याकडे."

आक्काने पहिला स्टोव्ह तळहातावर घेतला. लिंबाएवढा.

"ह्यो?"

"गॅसचा. एकदम हलका. खिशात मावतो."

"डबी संपली की?"

"दुसरी लावायची."

"तकडं मिळती?"

"...मनालीच्या पुढं नाही."

"आनि थंडीत?"

"थंडीत गॅस मरतो."

"म्हंजी जवा चा पायजे तवाच ह्यो झोपनार." तिने तो बाजूला ठेवला. "ह्यो दुसरा?"

"स्पिरिटचा. बिघडायला त्यात काही नाहीच."

"उनात ह्याची ज्योत दिसत न्हाई. हात भाजला की कळतं, पेटलाय म्हनून." तोही बाजूला गेला.

तिसऱ्याला तिने हात लावला नाही. लांबूनच बघितलं.

"ह्यो वापरल्याला हाय."

"हो. पेट्रोलचा. गाडीच्याच टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढायचं, पंप मारायचा. वेगळं काही वागवायला लागत नाही."

"थंडीत?"

"थंडीत पण चालतो."

"मंग ह्यो गुनाचा हाय की रं. बाकीचं दोन कशाला वझं आनलंस?"

रणधीरने तिसरा स्टोव्ह तिच्याकडे सरकवला.

बोलणं थांबलं की त्याला एक आवाज ऐकू यायचा. सर्र... एवढाच. वर्ष होत आलं, हा आवाज त्याला झोपू देत नव्हता.

"ह्यात खोट आहे," तो म्हणाला. "तू बघ. आणि तसं लिहून दे."

"कुनाला?"

"जयवंतच्या घरी."

जयवंत म्हणजे त्याचा शाळेतला जोडीदार. गावात औषधाचं दुकान. मागच्या सप्टेंबरात दोघं बरोबर गेले होते. लाहौलात नदीकाठी तंबू ठोकला, वारा सुटला, तंबूत स्टोव्ह पेटला, आणि बंद जागेत जो विषारी वायू साठतो तो साठला. त्याला ना रंग ना वास. जयवंत वाचला. पण आता गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव त्याला वाचता येत नाही. हात कापतात. बायको दुकान बघते, तो मागे पोत्यावर बसून असतो.

"स्टोव्ह आत कुनी पेटवला?" आक्काने विचारलं.

"जयवंतनं."

डॉक्टरांना त्याने हेच सांगितलं होतं. जयवंतच्या बायकोलाही हेच. घाबरून एकदा तोंडातून गेलं, आणि पुन्हा आत घेता आलं नाही. जयवंतला त्या संध्याकाळचं काहीएक आठवत नाही, त्यामुळे त्यानेही ते खरं मानलं.

खरं असं होतं की स्टोव्ह रणधीरने पेटवला. बाहेर पेटेना म्हणून आत घेतला. जयवंतला म्हणाला, तू सूप ढवळ, मी गाड्या झाकून येतो. वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून जाताना तंबूची चेन बाहेरून खालपर्यंत ओढून घेतली. सर्र. मग गाड्या झाकल्या. मग शेजारच्या तंबूतल्या लोकांना आपण किती घाट चढलो ते सांगत बसला. पाऊण तास.

"पेटव," आक्का म्हणाली.

"काय?"

"ह्यो. पेटव. बघू काय म्हनतोय."

त्याने बाटलीला पंप मारला, चावी फिरवली, काडी ओढली. पिवळा भडका हातभर वर आला. आक्काने त्याच्या मनगटावर फटका मारला आणि चावी बंद केली.

"काकडा इसारलास?"

"घाईत..."

"घाई कुनाला हाय? मला न्हाई. आदी तापू दे त्येला. थंड बर्नरला पेट्रोल पाजलंस तर त्यो तुज्या तोंडावरच वकनार."

त्याने काकडा स्पिरिटमध्ये बुडवला, बर्नरच्या गळ्याला लावला, पेटवला. दोघंही बघत बसली. बर्नर तापला. मग त्याने चावी हळू उघडली.

निळी ज्योत. एकसारखी घरघर.

आक्काने डोळे मिटले. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, पण स्टोव्ह ती कधी डोळ्यांनी बघतच नसे.

"काय म्हनतोय?"

रणधीरने ऐकलं. हिनेच शिकवलेलं, त्यामुळे न ऐकल्यासारखं करता येत नव्हतं.

"...साफ आहे."

"खोट?"

त्याने मान नकारार्थी हलवली.

"तरीपण लिहून दे आक्का," तो म्हणाला. "माझ्यासाठी नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला जयवंत सांगत बसतो, 'चूक माझी, मीच आत पेटवला.' त्याच्या लेकीचं, शुभांगीचं, चार महिन्यांचं बाळ आहे. ती ते त्याच्या हातात देत नाही. स्वतःच्या बापाच्या हातात. म्हणते, ज्याला स्टोव्ह कुठं पेटवायचा कळत नाही त्याच्याकडे पोर कशी देऊ. एक कागद दिलास तर त्या घराला उसंत मिळेल. स्टोव्हच खराब होता म्हटल्यावर कुणाचीच चूक नाही. तुझ्या शब्दाला गावात किंमत आहे. उद्या सकाळी येतो म्हणून सांगितलंय मी त्यांना."

"म्हंजी स्टोव्हवर ढकलायचं."

"त्याला कुठं दुखतंय."

आक्काने त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही. खूप चाललेला माणूस समोर अजून रस्ता दिसला की ज्या नजरेने बघतो, तसं.

मग ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून, दोनदा थांबून. स्टूल ओढलं, वरच्या फळीला हात घातला.

रणधीरचं अंग आकसलं. त्या फळीवरच्या स्टोव्हला हात लावला म्हणून लहानपणी त्याने इथे एकदाच मार खाल्ला होता. का, ते तिने कधी सांगितलं नव्हतं.

तिने तो स्टोव्ह खाली आणून बाकड्यावर ठेवला. पितळ काळं पडलेलं. पंपावर कोळ्याचं जाळं.

"बाजारपेठंतल्या एका घरची सून जळाली," ती म्हणाली. "मी लगीन हून नुकती आल्ती. सासरच्यांनी ह्यो स्टोव्ह आमच्या मालकांकडं आनला. म्हनलं, भडका उडाला, तसं लिवून द्या. मालकांनी पेटवला. निळा जळला, आत्ता तुजा जळला तसाच."

रणधीर बघत राहिला.

"मानसं मोठी हुती. मालक भ्यालं. पर नसलेलं लिवनार कसं? म्हनून त्येंनी आदी नोझलात सुई घातली, भोक मोठं केलं. मंग लिवलं, नोझल मोठं हाय. पोरीच्या बापाला वाचता येत न्हवतं. त्येनं कागदावर अंगठा लावला आनि घरला गेला."

"...आणि स्टोव्ह?"

"न्यायला कुनी आलंच न्हाई."

बाहेर हमालांनी पोतं टाकल्याचा आवाज आला. आक्काने खण उघडून एक जाड पोलादी सुई काढली, छोटी हातोडी काढली. दोन्ही रणधीरच्या पुढ्यात ठेवली.

"ही त्येंचीच सुई. म्या बी नसलेलं लिवत न्हाई. तू घाल खोट. मंग देते कागद."

त्याला वाटलं होतं ती हाकलून देईल. शिव्या घालेल. त्याची तयारी त्याने वाटेत केली होती. ह्याची नव्हती केली.

तो फार थकला होता. उद्या सकाळी हे संपलं पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्याने स्टोव्ह विझवला, निवू दिला, नोझल खोललं, पकडीत धरलं. भोक इतकं बारीक की उजेडाकडे धरल्याशिवाय दिसत नव्हतं.

त्याने सुई टेकवली. दोन ठोके मारले.

सोपं होतं.

नोझल परत बसवलं. काकडा लावला, या वेळी विसरला नाही. चावी उघडली. पिवळी, लांब, भकभकती ज्योत आली. वर धरलेल्या पातेल्याचं बूड क्षणात काळं झालं. तिखट वास दुकानभर पसरला. आवाज तर असा की छातीत कफ भरलेला माणूस श्वास घेतोय.

आक्का खोकली. पदराने नाक पुसलं. मग वहीचा कागद फाडून मांडीवर घेतला आणि चौथीपर्यंत शिकलेल्या हाताने एकेक अक्षर लावून लिहिलं: *स्टोव्हचं नोझल मोठं आहे. ज्योत पिवळी. वापरू नये. मालन तांबट.*

"घे. ह्यात एक अक्षर बी वावगं न्हाई."

त्याने कागद घेतला. त्याला हवा होता तो हाच. घडी घातली, खिशात ठेवला, उठला. दारापर्यंत गेला.

"रणधीर."

"काय?"

"तंबूला दार असतं काय रं?"

तो थांबला.

"चेन असते."

"मंग जीव घाबरल्यावर जयवंता भाईर का न्हाई आला?"

"गुंगी आली त्याला. हात चालले नसतील. चेन खालपर्यंत होती, आणि..."

"आनि?"

"...बाहेरून ओढली की तिचा खटका बाहेरच राहतो. आतून उघडता येत नाही."

आक्का पुढे काही विचारणार, असं वाटून तो वाट बघत उभा राहिला. पण तिने मघाचं वायसर पुन्हा हातात घेतलं आणि तेल लावू लागली.

बाकड्यावर दोन स्टोव्ह शेजारी शेजारी होते. एकाला सुई लागून पन्नास वर्षं झालेली, एकाला पाच मिनिटं.

रणधीर परत येऊन डब्यावर बसला. कंपनीने स्टोव्हबरोबर दिलेली छोटी डबी त्याच्या पिशवीत होती, त्यात एक जादा नोझल. त्याने जुनं खोललं, नवीन लावलं. आटे दोनदा चुकले. आक्काने मदत केली नाही.

काकडा भिजवला. काडेपेटी उघडली. एकच काडी उरली होती, आणि काकडा पेटेपर्यंत ती टिकेल याचा भरवसा नव्हता. त्याने खिशातला कागद काढला, त्याची सुरळी केली, आधी ती पेटवली आणि तिने काकडा पेटवला.

आक्का बघत होती. कागद तिनेच कष्टाने लिहिलेला.

बर्नर तापेपर्यंत दोघं थांबली.

चावी उघडली. निळी ज्योत. साफ घरघर.

"काय म्हनतोय?" आक्काने विचारलं.

"त्याला काय म्हणायचंय..." रणधीर म्हणाला. शहरी बोलणं कुठेतरी गळून पडलं. "म्याच पेटवला आक्का. आत म्याच पेटवला. आनि चेन बी म्याच वडली."

आक्काने हात पुढे करून चावी बंद केली. घरघर थांबली. पितळ निवताना टक टक करत राहिलं.

तिने जुना स्टोव्ह उचलला, पदराने त्याच्यावरचं जाळं पुसलं. तो वर ठेवायला या वेळी तिने स्टूल घेतलं नाही. स्टोव्ह रणधीरकडे दिला. त्याने उभं राहून वरच्या फळीवर होता तिथे ठेवला. तेवढी उंची त्याला होती.

मग त्याने आपले तिन्ही स्टोव्ह पिशवीत भरले. पिशवी खांद्याला लावली. काहीतरी विचारायचं म्हणून, आणि पाय निघत नव्हता म्हणून, त्याने आल्या आल्या विचारलेलंच पुन्हा विचारलं.

"मग कुठला नेऊ, आक्का?"

मालनआक्काने मान वर केली नाही.

"कुठला बी ने. पर आदी तंबूकडं जा. आत मानूस हाय अजून, आनि चेन भाईरनं लावल्याली हाय."