मलमलीतून गाळलेला निकाल

राजवैद्यांनी दरबारात निकाल दिला, "संत्र्यात चोथा नाही. पोटाला रासबेरीच बरी. संत्र्यांची बाग तोडून तिथे रासबेरी लावा!"

कुऱ्हाडी बागेकडे निघाल्याच होत्या. बागवानाची लेक येसू पुढे झाली.

"वैद्यबुवा, संत्री तपासलीत कशी?"

"महाराजांना देतो तशीच. रस काढून, मलमलीतून गाळून."

"आणि रासबेरी?"

"अख्खी. तू मला वैद्यकी शिकवणार, पोरी?"

बाप तिचा पदर ओढू लागला. येसूने वैद्यबुवांपुढच्या तबकातल्या रासबेरी त्यांच्या त्याच मलमलीत पिळल्या. पेल्यात लाल पाणी उतरले, चोथा फडक्यात राहिला. मग संत्रे सोलून तिने एक फोड महाराजांपुढे धरली.

"ही चावून खा, महाराज. झाडाने चोथा दिला होता, वैद्यबुवांनी गाळला."

महाराज बराच वेळ चावत राहिले.

"वैद्यबुवा, कुऱ्हाडी परत बोलवा. आणि ती मलमल घरी न्या."