द्वारका राणीच्या तीन वाटा

एक होती राणी. राजाही होता, पण तो बिचारा गोष्टीत मागे मागेच असतो. आधी राणीचं ऐका. शरू, पाय पांघरुणात घे बघू. बिया राहू देत मुठीत, त्यांचा खेळ उद्या. हं.

तर राणीचं नाव होतं द्वारका. राणी होती मोठी प्रेमळ, पण तिला एक खोड होती. कुठंही निघाली की सगळं घर बरोबर घ्यायची. नुसती बागेत फिरायला निघाली तरी मागून दासींची रांग. एकीकडे उशी, एकीकडे पंखा, एकीकडे पानाचा डबा, एकीकडे लाडवांचं पातेलं. राजा म्हणायचा, "अहो, बाग आपलीच आहे. घर दिसतंय इथून." राणी म्हणायची, "असू द्या. वेळेला लागलं तर?"

या राणीला होत्या तीन मुली. मथू, वेणू आणि ठकू. तिघीही मोठ्या झाल्या आणि लांब लांब दिल्या. थोरली मथू दिली दर्याराजाला. मधली वेणू दिली पवनराजाला. आणि धाकटी ठकू? ती दिली पेंगुळराजाला. पेंगुळराजा म्हणजे झोपेचा राजा, बरं का. तो जांभई द्यायचा आणि इकडे सगळ्या जगाचे डोळे जड व्हायचे.

मग एकदा काय झालं, दर्याराजाकडून एक पांढरा पक्षी उडत आला. राजवाड्याच्या कठड्यावर बसला आणि म्हणाला, "राणीसाहेब, मथूताईंना मुलगा झाला. बारशाला चला!"

झालं! राणीनं सगळा वाडा डोक्यावर घेतला. पेटारे काढले, गाठोडी बांधली. चकल्या, शंकरपाळ्या, डिंकाचे लाडू. बाळाला दुपटी, बाळाच्या आईला शाली. वर एक गुळांब्याची बरणी, तोंडाला मेणकापड आणि वर घट्ट दादरा, म्हणजे फडकं, बांधलेली. राजा म्हणाला, "अहो, पाण्यातून जायचंय. वाट कशी आहे ते तरी विचारा त्या पक्ष्याला."

"वाटेला काय विचारायचं?" राणी म्हणाली. "लेकीचं घर आहे. रिकाम्या हातानं जाऊ?"

समुद्राच्या काठावर दर्याराजानं होडी पाठवली होती. होडी कसली, खोलीएवढा मोठा शिंपला होता तो. आतून गुलाबी, गुळगुळीत. राणी बसली. मग एक पेटारा चढला. शिंपला थोडा खाली गेला. दुसरा चढला, आणखी खाली गेला. गाठोडी चढली आणि पाणी आलं काठाशी. राणी म्हणाली, "चला!" शिंपला निघाला, पहिली लाट आली आणि बुडबुडबुड! पेटारे गेले तळाला. शंकरपाळ्यांचा झाला लगदा. चकल्यांवर मासे तुटून पडले. लाडू विरघळले, आणि दुपटी कुठल्या कुठं वाहून गेली. राणी नाकातोंडात पाणी जाऊन खोकत, मथूच्या दारात पोचली ती एका कासवाच्या पाठीवर बसून. हातात काय? तेवढी ती बरणी.

मथू धावत आली. "आई! अगं, कशी भिजलीस!"

राणीला रडूच आलं. म्हणाली, "मथे, सगळं गेलं गं. तुझ्यासाठी काही म्हणता काही राहिलं नाही."

मथूनं तिला कोरडी साडी दिली, केस पुसले. मग बरणीचा दादरा सोडला. आत पाण्याचा थेंब नव्हता. दर्याराजा जन्मभर खारटच खात आलेला. त्यानं गुळांब्याचं बोट चाटलं आणि डोळेच मिटले हो त्यानं. म्हणाला, "सासूबाई, हे काय आहे?" बाळाच्याही ओठाला बोट लावलं. बाळानं मिटक्या मारल्या. बारसं झकास झालं. समुद्र त्या दिवशी इतका खूश होता की किनाऱ्यावर लाट फुटल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

पण राणी परत आली ती फुगूनच. म्हणाली, "सामानच वाईट! यापुढं मी कुठंही काही न्यायची नाही."

राजा म्हणाला, "अहो, तसं नाही..." पण राणी कसली ऐकते!

मग काही दिवसांनी काय झालं? खिडकीचं दार धाडकन उघडलं आणि वाऱ्याची झुळूक आत आली. कानाशी येऊन म्हणाली, "वेणूताईंना मुलगा झाला. लवकर या. आणि येताना वरवंटा आणा."

बारशाला पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा घालतात, ठाऊक आहे ना? त्याला कुंची घालायची, गोप्या म्हणायचं. पण राणी म्हणाली, "वरवंटा? दगड वाहून नेऊ डोंगरावर? छे!" तिनं रुमालात एक रेशमी कुंची बांधली. बस्स. ती घेऊन निघाली फुलासारखी हलकी.

पवनराजाचं घर उंच सुळक्यावर होतं. घराला भिंती नाहीत, छप्पर नाही. नुसते खांब, आणि मधोमध टांगलेला पाळणा. राणी शेवटच्या वळणावर पोचली, तर सूंऽऽ करून वारा आला आणि राणीचे पाय सुटले जमिनीवरून. गेली वर! साडीचा झाला फुगा. राणी घरावरून गेली पलीकडे, वळली, पुन्हा अलीकडे आली. खालून वेणू ओरडली, "आई! अगं उतर ना!"

"कशी उतरू?" राणी वरून ओरडली. "धरायला काही नाही गं!"

"म्हणून तर वरवंटा आण म्हटलं होतं!"

हसू नका रे. पुढचं ऐका. त्या घरात एक मोठी काळजी होती. वाऱ्याचं बाळ ते. त्याला नाव मिळेपर्यंत वजनच नव्हतं. पाळण्यात ठेवलं की वर तरंगायचं. नाव ठेवते आत्या, पण पवनराजाला बहीण नव्हती. म्हणून नाव ठेवायचं होतं आजीनं, आणि आजी होती आभाळात! वेणूनं बाळाला पदरानं पाळण्याला बांधून ठेवलं होतं. पण आईकडं बघता बघता गाठ सैल झाली आणि बाळ निघालं वर. वेणूनं उडी मारली, हात पुरला नाही. पवनराजा धरायला धावला, तर त्याच्या धावण्यानंच बाळ आणखी वर गेलं. तो बिचारा जागच्या जागी थांबला. श्वाससुद्धा घेईना.

बाळ मात्र हसत होतं. खांबांच्या वर गेलं. घारींच्या वर गेलं. 

राणीनं पाहिलं. आता तिला ना साडीची शुद्ध, ना भीतीची. तिनं हातांनी वारा मागं लोटला, पाय मारले, जशी आपण विहिरीत पोहायला शिकतो तशी. एकदा हुकली. दुसऱ्यांदा हुकली. तिसऱ्यांदा बाळाचा पाय हाती लागला. तिनं ओढून त्याला छातीशी धरलं, डोक्यावर कुंची चढवली आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "अचल. तुझं नाव अचल."

तीनदा म्हणाली हो. आणि दर वेळी बाळ जड झालं. पहिल्यांदा मांजराच्या पिल्लाएवढं, मग दुधाच्या तांब्याएवढं, आणि मग चांगलं बाळाएवढं बाळ. आजी आणि नातू दोघं सावकाश खाली आले आणि वेणूच्या अंगणात टेकले. वेणूनं दोघांना मिठी मारली. आधी रडली, मग आईवर रागावली, मग हसली.

परत निघताना पवनराजानं राणीच्या खांद्यावर पडशी टाकली. पडशी म्हणजे दोन्हीकडं पिशव्या असलेली झोळी, एक पुढं, एक मागं. दोन्हीकडं एकेक दगड घातला. म्हणाला, "सासूबाई, माझ्या वाटेवर एवढं वजन पाहिजेच." राणी डुलत डुलत घरी आली आणि राजाला म्हणाली, "अहो, पुढच्या वेळी मी आधी वाट विचारणार."

आणि पुढची वेळ आली. पण निरोप आला नाही. त्याआधी झोपच गेली.

कुणाची? सगळ्यांची! राज्यात कुणाला झोप येईना. गाई उभ्याच्या उभ्या. पोरं लाल डोळ्यांनी किरकिर करतायत. स्वयंपाकी भाजीत साखर घालतोय, शिपाई भिंतीलाच मुजरा करतोय. राजा झोपाळ्यावर बसून नुसता भिंतीकडं बघतोय. असे दिवसांवर दिवस गेले. शेवटी एका दुपारी सावरीच्या कापसाची पालखी घेऊन भोई आले. ते चालता चालता डुलत होते. म्हणाले, "राणीसाहेब, ठकूताईंना मुलगी झाली. ती झोपतच नाही. ती जागी म्हणून पेंगुळराजा जागा. तो जागा म्हणून सगळं जग जागं. तुम्ही चला."

राणी म्हणाली, "वाट कशी आहे?"

"मऊ आहे," भोई म्हणाले.

राणीनं विचार करून पडशी भरली. खुळखुळा, वेखंड, काजळाची डबी, दुपटी. फार नाही, फार थोडंही नाही. पालखीत बसली. भोयांनी खांदा दिला. पालखी हलेना.

"राणीसाहेब, जड आहे."

राणीनं पडशी खाली ठेवली. पालखी हलेना. तिनं गळ्यातला चंद्रहार काढला, हातातल्या पाटल्या काढल्या, गोठ काढले. पालखी जराशी उचलली गेली आणि पुन्हा टेकली.

"अजून काहीतरी आहे," भोई म्हणाले.

राणीचा हात कमरेला गेला. तिथं किल्ल्यांचा जुडगा होता. कोठीच्या, देवघराच्या, दूधदुभत्याच्या खोलीच्या किल्ल्या. लग्न होऊन आली तेव्हापासून तो जुडगा तिच्या कमरेला. झोपतानासुद्धा काढला नव्हता कधी. राणीनं तो मुठीत घट्ट धरला.

राजा जवळ आला. म्हणाला, "द्या माझ्याकडं. मी बघतो."

"तुम्ही? कोठी कुठं आहे ते तरी माहीत आहे का तुम्हाला?"

"नाही," राजा म्हणाला. "पण विचारीन."

राणी हसली. तिनं जुडगा सोडला आणि राजाच्या हातात दिला. आणि पालखी उठली, बरं का, सावरीची म्हातारी उडते तशी.

पेंगुळराजाच्या घरी दिवे मंद, पडदे जाड, पण बाळाचा टाहो नुसता! ठकूचे डोळे सुजलेले. खोलीभर खुळखुळे पडले होते. ठकू म्हणाली, "आई, काही आणलंस का गं हिच्यासाठी?"

"काही नाही आणलं," राणी म्हणाली. "आण इकडं तिला."

ती भिंतीला टेकून बसली, मांडी घातली. नातीचं डोकं कोपराच्या वळणात घेतलं. हातात काही नव्हतं, त्यामुळं रुतलं नाही, वाजलं नाही. कोठीची आठवण नाही, दुधावरच्या सायीची काळजी नाही. राणी आपली हळूहळू मांडी हलवत राहिली आणि काहीतरी गुणगुणत राहिली. त्याला शब्द नव्हतेच. बाळानं आजीकडं पाहिलं. मुठी सैल झाल्या. एक मोठ्ठी जांभई दिली.

मग ठकू निजली, तिथंच आईच्या गुडघ्यावर. मग पेंगुळराजा निजला. मग दाराशी भोई निजले. मग इकडे गाई बसल्या, पोरं आडवी झाली, शिपाई भिंतीला टेकला. राजा झोपाळ्यावर कलंडला, हातात जुडगा तसाच.

राणी बरीच वर्षं जगली, सुखानं जगली. लेकींकडं जात राहिली. समुद्राकडं जाताना बरण्या नेल्या, वाऱ्याकडं जाताना दगड नेले, आणि ठकूकडं जाताना काही नेलं नाही. नातवंडं मोठी झाली, राजा कोठीची वाट शिकला, आणि सगळे आपापल्या घरी आनंदात राहिले.

आता कूस वळवा. शरू, त्या मुठीतल्या बिया दे माझ्याकडं. उद्याचं उद्या बघू. पालखी दाराशी आली आहे. मिटा डोळे.