सोनकीच्या फुलातली गढी

एका राज्यात एक राणी होती, आणि तिच्याखेरीज कोणीच नव्हतं. आदल्या सकाळपर्यंत सगळे होते. राणी देवलदे आपल्या चिमुकल्या लेकाची, जयपाळाची पेज फुंकून गार करत होती, तोच मांत्रिक काळकेतू दारात उभा राहिला.

"सिंहासन दे."

"देणार नाही."

"मग कर एकटीच राज्य!" म्हणत त्यानं चिमूटभर राख उधळली. गढीतली सगळी माणसं नाहीशी झाली. पेजेची वाटी तेवढी राणीच्या हातात राहिली.

राणी रडत पठारावर आली. तिथे एकच सोनकी फुलली होती. शेजारच्या दगडावरून चंडोल बोलला, "राणीसाहेब, दिसायला हे एक फूल, पण आत इवल्या फुलांचं गाव आहे. प्रत्येकात तुमचं एक माणूस कोंडलंय."

"खुडून नेऊ?"

"ज्याला हात लागेल तो जीव मरेल. फूल आपणहून सुकू द्या. एकेक जीव पांढऱ्या पिसांची म्हातारी होऊन उडेल, आणि मातीला टेकताच माणूस होईल. पण पहिली उडाली, की त्याच दिवशी सूर्य बुडायच्या आत सगळ्या उडायला हव्यात. मागे राहील तो कायमचा गेला."

राणी राखणीला बसली. काळकेतूनं गारा पाडल्या. तिनं फुलावर पाठ धरली, पाठ सोलवटून निघाली. त्यानं भुकेला एडका सोडला. तिनं आपली वेणी कापून त्याला चारली. हट्टी बाई! पण हट्टी होती म्हणून निभावलं.

एके दिवशी फूल सुकलं, वारा सुटला. एक म्हातारी उडाली नि कोतवाल उभा राहिला. मग सुईण, माळी, दिवाणजी. दिवसभर माणसं उगवत राहिली. सूर्य डोंगराला टेकला तेव्हा एकच म्हातारी उरली होती.

आतून हाक आली, "आई!"

राणीचे डोळे भरून आले, आणि टपकन आसू पडलं ते नेमकं त्या पिसांवर. पिसं ओली होऊन चिकटली. म्हातारी हलेना.

काळकेतू शेजारी येऊन बसला. मऊ आवाजात म्हणाला, "चिमटीत धर, अलगद सुटेल. आई ना तू?"

राणीची बोटं पुढे गेली.

"राणीसाहेब, नको!" कोतवाल ओरडला.

राणीला स्वतःच्याच हातांची भीती वाटली. तिनं ते पाठीमागे घट्ट धरले, गुडघे टेकले, आणि हळूच फुंकर घातली. पेजेवर घालायची तशीच. पुन्हा घातली. सूर्याची नुसती कड उरली. तिनं पुन्हा फुंकर घातली. पिसं सुटी झाली, म्हातारी उडाली, मातीला टेकली.

मंत्र मोडला, तशी काळकेतूचीच जागच्या जागी राख झाली. जयपाळ डोळे चोळत उभा राहिला.

"आई, झाली का गं पेज गार?"

"झाली, राजा," म्हणताना राणी ढसाढसा रडली. गढीत पुन्हा चुली पेटल्या, आणि त्या राज्यात सोनकीचं फूल कोणी कधी खुडलं नाही.