आवडीची चुंबळ

आमच्या बेटाच्या मधोमध डोंगराला मोठं तोंड आहे. बाहेरून येणारे त्याला ज्वालामुखीचं तोंड म्हणतात, आम्ही काहील म्हणतो. तळाशी पिवळा चिखल रटरटतो. नासकी अंडी फुटावीत तसा वास वर येतो आणि घरी गेल्यावरही केसांतून जात नाही. मला अजून मळमळतं. काठाकाठाने फेरी मारायला दीड तास लागतो. फेरीच्या रीती दोनच: नाक झाकायचं नाही, आणि पश्चिमेच्या खाचेशी थांबून उजवा हात काहिलीच्या दिशेने पुढे करायचा.

फेरी आमचे चुलत सासरे, तांडेलआबा, करवतात. मी लेकीला कडेवर घेऊन मागे पाण्याची कळशी आणते. एकदा बाहेरून फेरीला आलेल्या माणसांत एक बाई होत्या, त्यांचं तान्हं बाळ त्यांच्या नवऱ्याच्या पोटाशी बांधलेलं. चढ संपताच त्यांनी नाकाला रुमाल लावला.

"नाकावरचो रुमाल काढ गो बाय," आबा म्हणाले.

"आबा, काय मेलंय हो इथं?"

"ह्यो वास डोंगराचो न्हय. आमचोच आसा." मग त्यांनी सांगितलं ते असं.

फार पूर्वी काहिलीत गोडं पाणी होतं म्हणे. पायथ्याशी एक झरा होता, गाव त्यावर जगायचं. मासळी किनाऱ्यावर साफ करायचे. पण हंगामात घाणीचा वास घरांत शिरायला लागला, तेव्हा गावकारांनी, म्हणजे गावच्या कारभाऱ्यांनी, ठरवलं की मासळी वर काठावर नेऊन साफ करायची. वर वारा असतो, वास समुद्रावर जाईल. आतडी, डोकी, कल्ले सगळं काहिलीत ढकलायचं. कुणी विचारलं, पाण्याचं काय? तर म्हणाले, वरचं पाणी वर, झऱ्याचं खाली, दोघांचा काय संबंध.

दोन-तीन वर्षांत झऱ्याच्या पाण्यावर तवंग यायला लागला. बायकांनी ते फडक्याने गाळून घेतलं, पण बोललं कुणी नाही. पोरं ओकून ओकून मरायला लागली. आवडी नावाच्या एका बाईची दोन गेली होती. तिसरी सात महिन्यांची मुलगी आजारी पडली, तेव्हा आवडीला पाणी गाळताना फडक्यात माशाचा खवला दिसला. तो घेऊन ती गावकारांकडे गेली.

"तुझ्याच हाताचा असणार," ते म्हणाले. "मासळी कापणाऱ्या बाईच्या हाताला खवले नसतील तर काय मोती असतील?" सगळे हसले.

आवडीने मुलीला जावेच्या ओटीत घातलं. "हिला शहाळ्याशिवाय काही देऊ नको," म्हणाली. आणि डोंगरापुढे नवस बोलली, की तळाचा दगड दिसेपर्यंत मी घाण काढीन आणि मुलीला शिवणार नाही. डोक्यावर फडक्याची चुंबळ, चुंबळीवर पाटी. काहिलीत उतरायची, कुजलेलं उपसायची, अर्धा काठ फिरून पश्चिमेच्या कड्यावरून समुद्रात टाकायची. पाटीतलं पाणी कपाळावरून तोंडावर यायचं. त्यात किडे वळवळायचे. ती वाटेने दिसली की माणसं नाकाला पदर लावायची. ज्यांनी ती घाण केली तीच माणसं.

असे सांगतात की एकविसाव्या दिवशी पश्चिमेच्या खाचेखाली तिचा पाय घसरला आणि ती कमरेपर्यंत रुतली. चुंबळ डोक्यावरून उडून काठापलीकडे पडली. तिने हात वर केला. काठावर माणसं होती. वाकून धरता येईल इतक्या जवळ होती. पण त्या हाताला काय काय लागलं होतं ते सगळ्यांना दिसत होतं. एकेकाचा एक हात नाकाला होता, दुसरा कुणी पुढे केला नाही.

ती घाणीत बुडून गेली. त्याच घटकेला म्हणे काहील तापली, पाणी पिवळं होऊन उकळलं आणि वास घराघरांत शिरला, दारं लावली तरी शिरला. जुना झरा आटला. मुलगी तेवढी शहाळ्यावर वाचली. चौथ्या दिवशी जाऊ तिला घेऊन चुंबळ शोधायला गेली, तर चुंबळीखालच्या खडकातून पाणी पाझरत होतं. त्याच झऱ्याची कळशी माझ्या कमरेला होती.

आबांचं बोलणं संपलं तेव्हा आम्ही खाचेशी होतो. त्या बाईंनी बाळाचा लंगोट बदलला, जुना गुंडाळला आणि काहिलीत टाकला. तो चार पावलांवर खडकाला अडकला, उघडला.

"अहो, बाई," मी म्हटलं.

"एवढ्या घाणीत एकाने काय होतंय?"

मी कळशी खाली ठेवली. लेकीला आबांकडे दिलं, खाली उतरले आणि तो हाताने उचलला. हाताला लागायचं ते लागलं. वर चढताना पायाखालचे खडे सुटले, तसा मी हात वर केला. बाईंनी एका हाताने नाक धरलं, दुसऱ्याने नवऱ्याला मागे ओढलं. आबांनी मला वर घेतलं, तोच हात धरून.

आजही फेरीत नाक झाकत नाहीत आणि खाचेशी हात पुढे करतात. मला त्या वासाची धास्ती वाटते. लेकीचं नाक झाकावं असं दर वेळी मनात येतं आणि पदर हातात घेऊन मी थांबते. ती तोंड वाकडं करते, शिंकते. खाच आली की न सांगता तिचा हात पुढे होतो.