तीन खोकी आणि परदेशी कावळा

एका जंगलात सगळं ठीक चाललं होतं. म्हणजे महाराज गवाजीराव तरी तसं म्हणायचे. ते जातीचे गवे. बिनविरोध निवडून आलेले, कारण विरोधात अर्ज भरायला निघालेलं हरीण वाटेतच त्यांच्या पक्षात आलं.

जंगलाचे सगळे कागद एका गुहेत होते. ते सांभाळायला सरकारनं परदेशातून यंत्राचा कावळा आणला, आणि सोबत तीन खोकी. एक खोकं कागद शोधायचं, दुसरं वाचून दाखवायचं आणि तिसरं जुन्या कागदाचा लगदा करायचं. कावळा हुशार होता, पण आपल्या मनाचं काही करायचा नाही. खोक्यावरची पाटी वाचायची आणि कुठलं वापरायचं ते ठरवायचं, एवढंच त्याला ठाऊक.

आता पाट्या लिहिणार कोण? प्रधान हसमुखराव तरसांनी हे काम वाढदिवसाचे फ्लेक्स लिहिणाऱ्या माकडाला दिलं. माकडानं जीव ओतून लिहिलं. पहिल्या खोक्यावर, ‘कार्यसम्राट गवाजीराव यांच्या प्रेरणेतून जनसेवा’. दुसऱ्यावर, ‘जनसेवेचा झंझावात’. तिसऱ्यावर, ‘जनसेवा हाच ध्यास, शुभेच्छुक : समस्त तरस मित्रमंडळ’. तिन्हीवर महाराजांचा फोटो. उद्घाटनाला टाळ्या पडल्या आणि कावळा बिचारा आळीपाळीनं तिन्ही पाट्या बघत बसला.

त्याच सुमारास हसमुखरावांच्या मेव्हण्याच्या, म्हणजे रानडुकराच्या, मनात रिसॉर्ट काढायचं आलं. तरसाचा मेव्हणा डुक्कर कसा, असं विचारू नका. कंत्राट म्हटलं की सगळेच मेव्हणे असतात. त्याला जागा आवडली ती काटूबाई साळिंदरीच्या बिळाची. “बीळ तुमचं असेल तर भरसभेत कागद वाचून दाखवा,” हसमुखराव म्हणाले, “नाहीतर खाली करा.”

काटूबाई पिल्लांना घेऊन गुहेत गेली. तिच्यापुढे ससा उभा होता. त्यानं आपल्या शेताचा कागद वाचायला दिला आणि कावळ्यानं त्याच्या हातात ओला लगदा ठेवला.

“अरे मेल्या, हे काय केलंस?” काटूबाई ओरडली.

“बाई, मला का बोलता? तिन्ही पाट्यांवर जनसेवाच आहे. त्यातल्या त्यात फोटो मोठा दिसला ते खोकं घेतलं.”

काटूबाईचे काटे ताठ झाले. ती थेट सभेत गेली. “माझ्या कागदाला हात लावू देणार नाही! आधी पाट्या धड लिहा!”

“ही बाई विकासाच्या आड येते!” हसमुखराव खदखदून हसले. “महाराज, आपल्याच निवडणुकीचा कागद वाचून दाखवू. होऊन जाऊ दे!”

खोकी सभेत आणली. कावळ्यानं महाराजांचा कागद चोचीत धरला, पाट्या वाचल्या आणि सगळ्यात मोठ्या फोटोकडे निघाला.

“थांब! थांब!” महाराज किंचाळले. “ते खोकं काय करतं रे?”

प्रधानांना ठाऊक नव्हतं. माकडालाही नव्हतं. महाराजांना दरदरून घाम फुटला. “बाई, तुम्ही सांगा काय लिहायचं ते! हा लिहील!”

काटूबाईनं तिन्ही खोक्यांत रद्दी घालून पाहिली आणि सांगितलं. पहिली पाटी : ‘हे खोकं कागद शोधतं. वाचत नाही.’ दुसरी : ‘हे खोकं कागद वाचून दाखवतं. त्याला धक्का लावत नाही.’ तिसरी : ‘हे खोकं कागदाचा लगदा करतं. कागद परत मिळत नाही. आधी मालकाला विचारा.’

“शुभेच्छुक कुठे घालू?” माकड रडवेलं झालं.

“तुझ्या डोक्यावर घाल!”

कावळ्यानं पाट्या वाचल्या आणि काटूबाईचा कागद सरळ दुसऱ्या खोक्यात घातला. बीळ तिचंच होतं, सासूकडून आलेलं. बाई पिल्लांना कुरवाळत रडली. सगळी सभा नाचली.

त्या आनंदात कोणीतरी मागून विचारलं, “आपल्या कोठारातल्या नाचणीचं काय झालं हो?”

कावळ्यानं शोधलं आणि खोक्यानं वाचलं : “अर्धी मेव्हणे. अर्धी प्रधान. रिकामी पोती महाराज, चवीपुरती.”

मंत्रिमंडळाची तातडीची बैठक झाली. पाट्या सुशोभीकरणासाठी उतरवल्या गेल्या. काटूबाईचं बीळ वाचलं, कारण तिचा कागद सगळ्यांनी कानांनी ऐकला होता. मेव्हण्यांनी रिसॉर्ट मग कोठारातच काढलं, जागा रिकामी होतीच.

तिन्ही खोक्यांवर आता एकच नवी पाटी आहे : ‘पारदर्शक कारभार’. कावळा रोज मान तिरकी करून ती वाचतो. आत नेमकं काय चालतं, ते त्याला अजून कळलेलं नाही.