आठ मात्रा कमी

"आठ मात्रा कमी का पडतात, वस्ताद?"

वस्ताद तात्याबा डफ उन्हात तापवत बसले होते. कातडं बोटाने चाचपत त्यांनी विचारलं, "कशात रे, भैरू?"

"दादाच्या पोवाड्यात. अकरा कडवी, अन् अकराही शेवटी लंगडी."

भैरूचा थोरला भाऊ, सखाराम शाहीर, जाऊन महिना झाला होता. मागे राहिली ती ही वही. पुरातून गाव वाचवणाऱ्या नावाड्याचा तिच्यातला पोवाडा जत्रेत म्हणणारच, असं भैरू चितेसमोर बोलून बसला होता.

तो बोटांवर मोजत वाचू लागला.

"पूर चढे तो काठावरती,
गाव उभे ते टेकावरती,
नाव लोटली…"

"दोन ओळी सोळा-सोळा. तिसरी आठातच संपते! यमक नाही. वर तेच 'नाव लोटली' अकरा वेळा."

"नावाड्यानं खेपा किती केल्या?"

"अकरा."

"मग दहादा लोटून भागलं असतं का?"

भैरू चिडला. "शाळेतल्या गुरुजींकडून मात्रा शिकून आलोय मी. लोक दादाला हसतील, वस्ताद… म्हणून नीट करून टाकलंय."

वस्तादांनी वही डोळ्यांजवळ नेली. शाईच्या ओळीपुढे पेन्सिलीने भर घातली होती : नाव लोटली पाण्यावरती.

"बरं झालं सांगितलंस. आम्हाला वाटलं, गवतावर लोटली."

"मग तुम्ही भरा की जागा! दादा तर…"



वस्तादांनी वही उघडीच खाली ठेवली अन् डफ उचलला.

"तू कुठं उभा राहायचास?"

"दादाच्या मागं. तुणतुणं घेऊन, ओळीमागं गात झील धरायला."

"राहा उभा."

भैरू त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. डफावर थाप पडली. म्हाताऱ्याचा आवाज फाटका, पण ठेका तोच… दादाचा.

"पूर चढे तो काठावरती,
गाव उभे ते टेकावरती,
नाव लोटली…"

"जी जी रं जी!"

भैरूच्या तोंडून निघून गेलं, लहानपणापासून जायचं तसंच.

डफ थांबला.

भैरूने वहीकडे पाहिलं. अकरा ठिकाणी त्याचीच पेन्सिल… तो वहीपाशी बसला. डोळे वाहत होते अन् हसू आवरत नव्हतं. अंगठ्याने तो पेन्सिल पुसू लागला.

वस्तादांनी डफ पुन्हा उन्हात धरला.

"मोज आता."