चोरीला गेलेली घंटा

सिमेंट कंपनीच्या मालगाडीखाली गिरिजाबाई ढुमणेचा नवरा सापडला, तेव्हा रुळांवरचं फाटक सताड उघडं होतं. तिथली धोक्याची घंटा कित्येक महिने मुकी होती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. गिरिजाबाईने कंपनीवर दावा लावला आणि थोड्याच दिवसांत ती घंटाच फाटकावरून नाहीशी झाली.

कोर्टात कंपनीचे वकील सबनीस छाती फुगवून उभे राहिले. "आमचा पहारेकरी रात्रंदिवस फाटकावर असतो. त्याच्या नजरेतून मुंगीही सुटत नाही. त्याने घंटा वाजवली होती. मयतानेच बेफिकिरीने सायकल पुढे दामटली."

"ती घंटा हजर करा," न्यायाधीश म्हणाले.

"चोरीला गेली, साहेब. चोरांनी खांबासकट उपटून नेली. कोणी नेली, कधी नेली, पहारेकऱ्यालाही पत्ता नाही."

मेलेल्या माणसावर खापर फोडलेलं ऐकून गिरिजाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला होता. ती ताडकन उठली.

"वकीलसाहेब, पहारेकरी तिथं होता, तर त्याच्या डोळ्यांदेखत तुमच्याच माणसांनी घंटा पळवली. आणि तो नव्हताच, तर माझ्या नवऱ्यासाठी ती वाजवली कोणी? दोन्हींतलं कोणतं खरं, तेवढं सांगा!"

अपघाताला कंपनीच जबाबदार आहे, असा निकाल न्यायाधीशांनी दिला.

बाहेर पडताना सबनीस हात जोडून समोर आले. गिरिजाबाई थांबलीसुद्धा नाही. "मला नका जोडू," ती म्हणाली. "ज्याला बेफिकीर म्हणालात, त्याला जोडा."